बक्षिसापलीकडचा हिशोब

(स्नेहमेळाव्यातील ‘आम्ही सध्या काय करतो’ या सत्रात केलेलं भाषण)



या सत्रात प्रत्येकाने पंधरा मिनिटं बोलायचं असं ठरलं, तेव्हा संयोजकांनी मला एकच अट घातली. कॉम्प्युटरचं काही सांगू नकोस, जेवणानंतरचं सत्र आहे, लोकांना झोप येईल. ती अट मी अर्धीच पाळणार आहे. मी खेळाबद्दल बोलणार आहे. फक्त हा खेळ मैदानावर नाही, पडद्यावर खेळतात. त्याला ई-स्पोर्ट्स म्हणतात.

परवा आपल्या ग्रुपवर विषय टाकला, तेव्हा एकाने लगेच विचारलं, “म्हणजे ते रमीवालं का गं?” तेवढं आधीच स्पष्ट करते. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ वेगळे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून त्यांच्यावर बंदी घातली, आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मात्र वेगळं काढून मान्यता दिली. ई-स्पोर्ट्समध्ये संघ असतात, प्रशिक्षक असतात, सामने असतात, ते बघायला लाखो लोक असतात. आणि पैसाही असतो. तो पैसा संघाला कुठून मिळतो, एवढंच मी आज सांगणार आहे.

मला या भानगडीत आमच्या लेकाने ओढलं. गेल्या वर्षी तो सतरा वर्षांचा होता, बारावीला. ‘व्हॅलोरंट’ नावाचा पाच-पाच जणांच्या संघांचा खेळ आहे, तो त्यात बरा खेळतो. एका संघाने त्याचा खेळ पाहून त्याला बोलावलं आणि चौदा पानांचा करार पाठवला. तो अज्ञान, म्हणजे कायद्याच्या भाषेत अज्ञान, म्हणून सही आम्हा आईवडिलांची लागणार होती. करारात मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, बक्षिसाच्या रकमेतले ऐंशी टक्के खेळाडूंचे. लेक हवेत होता. बाबा म्हणाले, बारावी होऊ दे. सासूबाई एवढा वेळ शेंगा सोलत ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं, “पण जिंकले नाहीत तर त्या महिन्याला काय?”

एवढा नेमका प्रश्न आमच्या घरात दुसऱ्या कोणाला सुचला नव्हता. मी वीस वर्षं पैशांच्या हिशोबाची सॉफ्टवेअर लिहिते. कोणाकडून किती आले, कोणाला किती द्यायचे, मधे कोणी किती कापले, हेच माझं काम. म्हटलं, हा हिशोब आपण लावून बघू. दोन आठवडे रात्री बसून जे वाचलं, त्यातलं खात्रीचं तेवढं तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट, बक्षिसावर संघ चालत नाही. ‘डोटा 2’ या खेळाची ‘द इंटरनॅशनल’ नावाची स्पर्धा आहे. 2021 मध्ये तिचं एकूण बक्षीस 4 कोटी डॉलरवर गेलं होतं. ‘टीम स्पिरिट’ हा संघ जिंकला, त्याला 1 कोटी 80 लाख डॉलरहून जास्त मिळाले. दोनच वर्षांनी, 2023 मध्ये, तोच संघ तीच स्पर्धा पुन्हा जिंकला. या वेळी मिळालेली रक्कम आधीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होती. खेळ तोच, संघ तोच, विजेतेपद तेच. मग झालं काय? खेळाची मालक कंपनी दर वर्षी उन्हाळ्यात खेळातल्या शोभेच्या वस्तूंचा एक संच विकायची आणि त्यातला चौथा हिस्सा बक्षिसात घालायची. त्या वर्षी तिने विक्रीची पद्धत बदलली आणि बक्षीस आटलं. आणि हे झालं जिंकणाऱ्याचं. बाकीच्या संघांचं काय, ते वेगळं सांगायला नको.

आता आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. आयपीएल जिंकणाऱ्या संघाला बक्षीस मिळतं 20 कोटी रुपये. पण 2023 ते 2027 या पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क 48,390 कोटींना गेले. त्यातला मोठा वाटा दहाही संघांत वाटला जातो. शेवटच्या क्रमांकाचा संघसुद्धा त्यावर उभा राहतो. म्हणजे संघमालकाचं पोट करंडकावर नाही, या सामायिक गल्ल्यावर भरतं.

ई-स्पोर्ट्समध्ये लोकांनी हेच करून पाहिलं. पण एक फरक आहे, आणि तो मोठा आहे. क्रिकेट कोणाच्या मालकीचं नाही. उद्या आपण मागच्या पटांगणात स्टंप रोवले तर कोणी अडवणार नाही. हे पडद्यावरचे खेळ मात्र कंपन्यांच्या मालकीचे आहेत. खेळ त्यांचा, नियम त्यांचे, सर्व्हर त्यांचे, आणि पैसे जमा होण्याचा गल्लाही त्यांचाच. संघाला वाटा द्यायचा की नाही, दिला तर किती, हे तीच कंपनी ठरवते.

तरीही कंपन्या वाटा देतात. कारण संघ नसतील तर बघणारे नाहीत, आणि बघणारे नसतील तर खेळातल्या वस्तू घेणारे नाहीत. वाटा देण्याचे मुख्य मार्ग मला तीन दिसले.

पहिला मार्ग, संघाच्या नावाच्या वस्तू. ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळात बंदुकीवर चिकटवायची स्टिकर मिळतात. आपण कंपासपेटीवर सचिनची चिकटवायचो, अगदी तसंच. फरक इतकाच की ही स्टिकर फक्त पडद्यावर असतात. त्यावर संघाचं बोधचिन्ह असतं, खेळाडूची सही असते. त्याने नेम सुधारत नाही, नुसती हौस. मे 2023 मध्ये पॅरिसला या खेळाची मोठी स्पर्धा झाली. एकूण बक्षीस साडेबारा लाख डॉलर, पैकी विजेत्या ‘व्हिटॅलिटी’ संघाला 5 लाख. आणि त्या स्पर्धेच्या स्टिकरविक्रीतून संघांना आणि खेळाडूंना मिळून किती गेले? 11 कोटी डॉलर. आपले नऊशे कोटींच्या घरात. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा शून्यं बोटाने मोजली.

आमच्या लेकाच्या खेळातही तेच. 2022 ची व्हॅलोरंटची जागतिक स्पर्धा इस्तंबूलला झाली, ‘लाउड’ हा ब्राझीलचा संघ जिंकला. एकूण बक्षीस 10 लाख डॉलर, विजेत्याला 3 लाख. त्या स्पर्धेनिमित्त बंदुकीची एक खास नक्षी विकायला काढली होती. तिच्या कमाईचा निम्मा हिस्सा संघांना दिला, तो झाला सुमारे 1 कोटी 60 लाख डॉलर. बक्षिसाच्या सोळा पट.

दुसरा मार्ग, लीगमध्ये कायमची जागा आणि उत्पन्नात हिस्सा. ‘लीग ऑफ लेजंड्स’ या खेळाच्या उत्तर अमेरिकेतल्या लीगने 2018 पासून दहा संघांना कायमच्या जागा दिल्या. आधी हरलेला संघ खालच्या पायरीवर ढकलला जायचा, ती भीती गेली. जागेची किंमत मात्र मजबूत होती. जुन्या संघांना 1 कोटी डॉलर, नव्यांना 1 कोटी 30 लाख. बदल्यात लीगच्या उत्पन्नाची वाटणी ठरली. साडेबत्तीस टक्के लीगला, साडेबत्तीस टक्के संघांना आणि पस्तीस टक्के खेळाडूंना. यातलं मला आवडलं ते शेवटचं. खेळाडूंचा वाटा संघमालकाच्या मर्जीवर सोडला नव्हता, वेगळा लिहिला होता.

तिसरा मार्ग, प्रवेश फी न घेता उलट संघालाच दर वर्षी ठरावीक मानधन द्यायचं. व्हॅलोरंटने 2023 पासून जगभरातले तीस संघ असे भागीदार म्हणून निवडले. त्यात मुंबईचा ‘ग्लोबल ईस्पोर्ट्स’ आहे. पुढे संघाच्या रंगांतल्या वस्तू विकायला काढल्या, त्यांच्या कमाईचा निम्मा हिस्साही संघांना मिळतो.

आता वाटणीच्या नियमाकडे येते. 2024 मध्ये लीग ऑफ लेजंड्सच्या कंपनीने नवी पद्धत जाहीर केली. खेळातल्या विक्रीतून जगभरातल्या संघांसाठी एकच सामायिक गल्ला, आणि त्याची वाटणी अशी. पन्नास टक्के वरच्या श्रेणीतल्या संघांना, केवळ तिथे आहेत म्हणून. पस्तीस टक्के स्पर्धांतल्या क्रमांकाप्रमाणे. आणि पंधरा टक्के, ज्या संघांनी चाहते जोडले, टिकवले त्यांना.

हे वाचलं आणि मला आपली खो-खोची वही आठवली.

मुलींनो, आठवते का? नववीत आपण तालुक्याला दुसऱ्या आलो. बक्षीस मिळालं अडीचशे रुपये, आणि येताना एसटीत त्यावरून आपण अशा भांडलो की कंडक्टरने मधल्या थांब्यावर उतरवायची धमकी दिली. ज्यांनी जास्त गडी बाद केले त्या म्हणाल्या, आम्हाला जास्त. राखीव मुलींनी विचारलं, आम्ही काय बाकावर झोपा काढल्या? सर त्या दिवशी काही बोलले नाहीत. दहावीत सराव सुरू झाला, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी दोनशे पानी वही काढली आणि म्हणाले, “जिंकलो तर कसं वाटायचं, ते आज ठरवू. जिंकल्यावर तुमचं डोकं ठिकाणावर नसतं.” निम्मे सगळ्या बारा जणींना सारखे, राखीव धरून. उरलेल्यातले काही चांगल्या खेळासाठी. आणि थोडे रोज सकाळी मैदान झाडून चुन्याच्या रेषा मारणाऱ्या शिपाईकाकांना. सगळ्यांनी वहीत सह्या केल्या. त्या वर्षी आपण पहिल्याच फेरीत हरलो आणि वाटायला काहीच आलं नाही. पण भांडणही झालं नाही. सर, तुम्ही आज इथे बसला आहात म्हणून सांगते. पन्नास, पस्तीस, पंधराचा हिशोब मला त्या वहीमुळे एका वाचनात कळला.

हे सगळं ऐकून वाटेल, मग बरंच आहे की. तर दुसरी बाजूही सांगते.

‘ओव्हरवॉच लीग’ 2018 मध्ये मोठ्या थाटात सुरू झाली. संघांना शहरांची नावं, आपल्या आयपीएलसारखीच. एका जागेची किंमत त्या वेळच्या बातम्यांनुसार 2 कोटी डॉलर. खेळाडूंसाठी नियमही चांगले होते. वर्षाला किमान 50 हजार डॉलर पगार, आरोग्य विमा, हंगामात राहायची सोय, आणि संघाला मिळालेल्या बक्षिसातला किमान निम्मा भाग खेळाडूंना. कागदावर याहून चांगलं काय असतं? पण संघांनी जागेला मोजलेले पैसे वाट्यातून वसूल होईनात. त्यात कोरोना आला, शहरोशहरी सामने भरवायचा बेत बारगळला. शेवटी 2023 मध्ये संघांनी बाहेर पडायचं ठरवलं. कंपनीने करार संपवण्यापोटी प्रत्येक संघाला 60 लाख डॉलर दिले आणि लीग बंद झाली. वाटा कितीही मोठा लिहिला, तरी गल्ल्यात येणारच नसेल तर शून्याचे पन्नास टक्के शून्यच. हे गणिताच्या बाईंनी आपल्याला सातवीत शिकवलंय.

आपल्याकडचा धक्का वेगळा होता. सप्टेंबर 2020 मध्ये पबजी मोबाइलवर सरकारने बंदी घातली. पुढच्या वर्षी तोच खेळ ‘बीजीएमआय’ नावाने आला. जुलै 2022 मध्ये तोही अ‍ॅप स्टोअरवरून गायब झाला, तो परत यायला मे 2023 उजाडला. जवळपास दहा महिने. या काळात ज्या संघाचं सगळं स्पर्धेवर अवलंबून होतं, त्याने काय करायचं? ज्यांचं यूट्यूबवर बस्तान होतं, स्पॉन्सर होते, ज्यांचे खेळाडू प्रेक्षकांना आपलेसे वाटत होते, त्यांच्या हाताशी निदान दुसरं काही होतं. चाहत्यांसाठीचे ते पंधरा टक्के म्हणूनच मला वायफळ वाटत नाहीत.

आता पुन्हा आमच्या घरातल्या चौदा पानांकडे. एवढं वाचून मी करार परत उघडला. बक्षिसाचे ऐंशी टक्के अगदी स्वच्छ लिहिले होते. पण ही मंडळी खेळत होती त्या पातळीवर बक्षिसं लहान आणि क्वचित. महिन्याचं मानधन ‘संघाच्या धोरणानुसार’. उद्या संघ वरच्या लीगमध्ये गेला तर लीगच्या हिश्श्यात, वस्तूंच्या विक्रीत, स्पॉन्सरशिपमध्ये खेळाडूला काय, यावर एक ओळ नव्हती. लेकाचं नाव, चेहरा आणि आवाज वापरायचा हक्क मात्र संघाला होता, करार संपल्यानंतरही दोन वर्षं. आणि एका ठिकाणी शब्द होता, ‘निव्वळ’. निव्वळ उत्पन्नातला भाग. माझी नोकरीच या शब्दावर चालते. निव्वळ म्हणजे आधी काय काय वजा करून? प्रवास? प्रशिक्षकाचा पगार? ऑफिसचं भाडं? ज्याच्या हातात वजाबाकी, त्याच्या हातात उत्तर.

त्या संघाची माणसं वाईट होती असं मी म्हणणार नाही. पंचविशीतली पोरं होती, त्यांनी कुठून तरी उतरवलेला करार पाठवला होता. मी चार प्रश्न लिहून पाठवले. महिन्याला ठरावीक किती? बक्षिसाखेरीज कोणत्या कोणत्या उत्पन्नात किती वाटा? निव्वळ म्हणजे काय वजा करून, आणि तो हिशोब आम्हाला दाखवणार का? खेळ किंवा लीग बंद पडली तर काय? पहिल्याचं आणि चौथ्याचं उत्तर आलं, बरंही होतं. मधल्या दोन प्रश्नांना म्हणाले, “मॅडम, ते पुढे बघू.”

आम्ही सही केली नाही.

लेक बारा दिवस माझ्याशी बोलला नाही. जेवायला यायचा, ताटात बघून जेवायचा, उठायचा. तेराव्या दिवशी म्हणाला, “आई, तू हिशोब बरोबर केलास. पण माझी जागा गेली.” त्याच्या जागी दुसरा मुलगा घेतला. तो संघ अजून खेळतो आहे आणि तो मुलगा छान खेळतो, मी त्याचे सामने बघते. खरं सांगायचं तर मी बरोबर केलं की भीतीपोटी केलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सतराव्या वर्षाची संधी परत येईलच असं नसतं. आपण सगळे आता चाळिशी ओलांडून बसलो आहोत, आपल्याला हे माहीत आहे.

पण एक झालं. परवा कॉलेजच्या संघाला एक स्थानिक स्पॉन्सर मिळाला, टीशर्टवर नाव छापायचं होतं. लेकाने पाचही जणांना बसवून आधी लिहून काढलं, पैसे कशावर खर्च करायचे, उरले तर कोणाचे, राखीव खेळाडूला किती. कागद मला दाखवायला आणला. मी वाचला, आणि सरांची दोनशे पानी वही डोळ्यांपुढे आली.

इथे बसलेल्यांपैकी अनेकांची मुलं त्याच वयाची आहेत, आणि काही जण आता स्वतः शिक्षक आहेत. एखादं पोरगं येऊन म्हणेल, मला यात करिअर करायचंय. लगेच नाही म्हणू नका. लगेच हो म्हणून पेढेही वाटू नका. बक्षीस किती, हे तर तेच आधी सांगेल. तुम्ही बाकीचं विचारा. हरलात त्या महिन्याला काय? तुझ्या नावावर विकलेल्या वस्तूत तुझं किती? हिशोब कोण ठेवतं आणि तुला तो दिसतो का? उत्तरं कागदावर मागा. यातला पहिला प्रश्न माझा नाही, आमच्या सासूबाईंचा आहे. त्यांनी आयुष्यात एकही सामना पाहिलेला नाही.

आमचा लेक आता अठराचा झाला. पुढची सही त्याची त्यानेच करायची आहे. मी फक्त वाचायला शेजारी बसेन, त्याने बसू दिलं तर.

सर, ती वही तुमच्याकडे अजून असेल तर जाताना मला दाखवा. माझी सही तिच्यात आहे.